महाराष्ट्रवाली भाभी

माझ्या बायकोला लखनौ आवडतं. चौकातली थंडीतली मक्खन मलाई आवडते, इथल्या लोकांचं भांडतानासुद्धा ‘आप’ म्हणणं आवडतं, आणि विकास नगरचा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तर तिनं पडद्यांच्या रंगापासून स्वतः उभा केलाय. फक्त उत्तर प्रदेशची टीम जिंकलेली तिला आवडत नाही. त्यातून ती महाराष्ट्राविरुद्ध जिंकली, तर आमच्याकडे दोन दिवस वरणाला फोडणी बसत नाही.

तिचं नाव शुभदा. ती जळगावची, मी नागपूरचा आणि आमची मुलगी स्वरदा लखनौची. मी रेल्वेत इंजिनिअर. स्वरदा जन्माला यायच्या आदल्या वर्षी बदली होऊन इथे आलो आणि इथेच मुरलो. मला काही त्रास झाला नाही. मी ज्या गावात असतो त्या गावाचा होतो, माझा स्वभावच आळशी आहे. शुभदाचं तसं नाही. तिनं एकदा एक बाजू धरली की धरली.

लग्न ठरताना मला सांगितलं होतं, की मुलगी खेळाडू आहे. मी समजलो, कॅरम वगैरे असेल. नंतर कळलं, की बाई महाराष्ट्राकडून आधी सॉफ्टबॉल आणि मग बेसबॉल खेळलेली आहे. कॅचर होती. मला तोवर बेसबॉल म्हणजे अमेरिकन लोकांचा विटीदांडू, इतकंच ठाऊक होतं. संसारात पडल्यावर थोडं शिकलो. पिचर बॉल टाकते, बॅटर मारते, चार बेसना हात-पाय लावत घरी परत आली की एक रन. तीन स्ट्राइक झाले की आऊट, आणि तिघी आऊट झाल्या की पाळी संपली. बॅटरच्या मागे मुखवटा चढवून उकिडवी बसते ती कॅचर. शुभदाच्या मते सगळा खेळ तीच चालवते, बाकीच्या नुसत्या धावतात. घरातही तिचं साधारण तेच मत आहे.

तर लखनौत कुठल्याही खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धा असोत, खो-खो, कबड्डी, एकदा तर टेबल टेनिससुद्धा, महाराष्ट्राची टीम आली की शुभदा मैदानावर हजर. हजारभर लोक युपीच्या नावानं ओरडत असायचे आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्च्यांत ही एकटी. घसा बसेपर्यंत ओरडायची. सुरुवातीला मला लाज वाटायची. मी दोन खुर्च्या सोडून बसायचो, ओळख नसल्यासारखा. पण हळूहळू लोकांनाच तिची सवय झाली. कोणी म्हणायचं, ‘आ गईं महाराष्ट्रवाली भाभी, अब मुकाबला बराबर का है।’ कोणी मधेच चहा आणून द्यायचं आणि वर म्हणायचं, ‘पी लीजिए, हारने के बाद गले से नहीं उतरेगी।’ लखनौची माणसं टोमणाही चहाबरोबर, कपबशीत घालून देतात. शुभदा चहा प्यायची आणि टोमणा परत करायची. इतकी वर्षं परक्याच्या मैदानात एकटीनं आपल्या टीमसाठी ओरडत राहायचं आणि त्यात एकाही माणसाशी वैर धरायचं नाही, हे मला तरी जमलं नसतं. मी तिला हसतो खूप, पण मनातून मला तिचं भारी कौतुक आहे.

तिची दुसरी रीत म्हणजे जेवण. महाराष्ट्राच्या मुलींची टीम आली, की एक जेवण आमच्याकडे. पंधरा-सोळा मुली, त्यांच्या बॅगा, त्यांचा तो घामाचा आणि क्रीमचा वास, आणि आमच्या बैठकीत सतरंज्या घालून शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. खालच्या मजल्यावरच्या चेतना भाभी दर वेळी विचारायच्या, ‘क्या शादी है?’ मी म्हणायचो, ‘नहीं, मायका आया है।’

स्वरदा हे सगळं बघत वाढली. शुभदानं तिला कॉलनीच्या पार्कात बॉल मारायला शिकवलं, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून. मी ऑफिसातून येताना बाहेरूनच ऐकायचो. ‘पल्याड!’ ‘अल्याड!’ ‘सावकाश!’ ही शुभदाच्या जुन्या टीमची भाषा होती. तिच्या वेळी उत्तरेकडे खेळायला गेल्या, की ‘बाहेर’, ‘अंदर’ असं काही ओरडलं तर समोरच्यांना कळायचं. म्हणून कॅचरबाईंनी हिंदीवाल्यांच्या कानावर कधी न पडलेले शब्द ठरवले. बॅटरपासून लांब टाकायचा तो पल्याड, अंगाजवळचा तो अल्याड, आणि जोरात हात फिरवून हळू सोडायचा तो सावकाश. पार्कात बॉल टाकताना ती आधी शब्द ओरडायची आणि मग तसाच बॉल टाकायची. त्यामुळे आमच्या पोरीला बाराखडीच्या आधी हे तीन शब्द कळत होते.

कळत होते म्हणतोय, कारण बोलण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात असं चालतं:

“स्वरदा, डबा घेतलास का?”

“ले लिया, मम्मा।”

“आई म्हण.”

“हाँ, आई, ले लिया।”

अठरा वर्षं शुभदा मराठीत विचारतेय आणि अठरा वर्षं हिंदीत उत्तरं येतायत. मला त्याचं काही वाटत नाही. शुभदाला वाटतं. ती बोलून दाखवत नाही, पण सुट्टीत जळगावला गेलो आणि तिथली भावंडं स्वरदाशी मुद्दाम हिंदीत बोलायला लागली, की शुभदा उठून स्वयंपाकघरात जाते.

या वर्षी स्वरदा युपीच्या टीममध्ये निवडली गेली. स्पर्धा लखनौतच, जानेवारीत, बख्शी का तालाबच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर. आणि सेमीफायनलला समोर आलं महाराष्ट्र. युपीनं या खेळात महाराष्ट्राला कधी हरवलेलं नव्हतं. पेपरात दोन ओळी आल्या आणि आमच्या घरात सीमारेषा आखली गेली.

मॅचच्या आदल्या दिवशी दोन्ही टीमना विश्रांती होती. रिवाजाप्रमाणे दुपारचं जेवण आमच्याकडे. मी शुभदाला विचारलं, “अगं, उद्या यांच्याविरुद्ध आपली पोरगी खेळणार आहे. आज यांना भरीत खाऊ घालणार?” ती म्हणाली, “मग काय उपाशी ठेवू?” विषय संपला.

महाराष्ट्राची कोच होती प्रणिता. शुभदाची जुनी पिचर, जिवाभावाची मैत्रीण. जळगावहून भरताची हिरवी वांगी पिशवी भरून घेऊन आली होती, कारण इथल्या वांग्यांवर दोघींचाही विश्वास नाही. मुली जेवत होत्या, तेवढ्यात स्वरदा आली. कॅम्पमधून तासाभराची परवानगी काढून, स्पाइकचे दुसरे बूट न्यायला. घरभर महाराष्ट्राच्या मुली बघून जरा बावचळली. प्रणितानं तिला जवळ ओढलं.

“हीच का गं आमची शत्रू? किती मोठी झालीस! जेवलीस का?”

“जी, आंटी।”

“कुठल्या बेसवर खेळतेस?”

“शॉर्टस्टॉप, आंटी।”

“आईनं शिकवलं ना सगळं? आईसारखी बडबड नाही करत मैदानात?”

“नहीं, आंटी।”

बस. एवढंच. स्वरदा वाकून पाया पडली, बूट घेतले आणि आतल्या खोलीत गेली. प्रणितानं शुभदाकडे बघून मान हलवली आणि हसत हसत म्हणाली, “शुभे, सगळं शिकवलंस आणि मराठी तेवढी राहिली होय गं? पक्की युपीवाली करून टाकलीस पोरीला. बिचारीला आपण काय बोलतोय तेही कळत नसेल, नुसती अंदाजानं जी-जी करते.”

मुली हसल्या. तशा काही वाईट मनानं नाही. परमुलखात वाढलेल्या मराठी पोरांबद्दल आपल्याकडच्या लोकांचा हा ठाम समज असतो. पोर उत्तर हिंदीत देतं, म्हणजे त्याला मराठी येत नाही. शुभदा काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. एरवी ती कुणाला सोडत नाही. पण तिनं भाकरीचं टोपलं उचललं आणि वाढत सुटली. तिचे कान लाल झाले होते.

टीम गेल्यावर स्वरदा बूट घालून दारात उभी राहिली. जाता जाता म्हणाली, “मम्मा, कल किधर बैठोगी?”

शुभदा भांडी आवरत होती. “किधर म्हणजे?”

“मतलब, कल एक दिन हमारी तरफ़ बैठ जाओ ना। सबके पेरेंट्स इधर बैठेंगे। बस एक बार।”

या पोरीनं आईकडे आजवर फार काही मागितलं नव्हतं. मोबाइलसुद्धा माझ्याकडे मागितला होता. शुभदानं हात पुसले आणि तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणेल.

“मी महाराष्ट्राकडून खेळलेय, स्वरदा. दुसऱ्या बाजूला बसून मला टाळी वाजवता येणार नाही. तू छान खेळ. मी तुला बघायलाच येतेय.”

“ठीक है,” स्वरदा म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी शुभदाला म्हणालो, की हा शुद्ध आडमुठेपणा आहे. ती म्हणाली, “असेल.”

दुसऱ्या दिवशी धुकं उठायला वेळ लागला, मॅच उशिरा सुरू झाली. मैदानाच्या एका अंगाला युपीचा मांडव, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. युपीकडे गर्दी, पिपाण्या, मूंगफलीचे कागदी ठोंगे. पलीकडे मी आणि शुभदा. मधूनच एअरफोर्सचं विमान डोक्यावरून जायचं आणि मग दोन मिनिटं कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही.

प्रणिता मांडवाच्या तोंडाशी उभी राहून पिचरला बॉल सांगत होती, मोठ्या आवाजात. मी दचकलोच. “पल्याड!” “अल्याड!” तेच शब्द. इतक्या वर्षांनीही यांनी बदलले नव्हते. बदलतील कशाला? लखनौच्या मैदानात कुणाला कळणार होते? युपीच्या मुली एकामागून एक फसत होत्या. शुभदा खूश होती. दर स्ट्राइकला उठून टाळ्या वाजवत होती. समोरून चेतना भाभींनी, त्यांची मुलगी युपीची पिचर होती, हात हलवून ‘बहुत हुआ’ अशी खूण केली.

मग स्वरदा बॅटिंगला आली. प्रणिता ओरडली, “सावकाश!”

स्वरदाला घाई करायची सवय आहे. हळू बॉलला ती हमखास आधी बॅट फिरवते, शुभदानं त्यावरून तिला शेकडो वेळा झापलंय. पण या वेळी ती थांबली. बॉल येईपर्यंत मागच्या पायावर शांत उभी राहिली आणि मग असा हाणला, की तिसऱ्या बेसच्या बाजूनं सरळ दोरीपर्यंत गेला. युपीची पहिली रन आली. शुभदाचे हात टाळीसाठी वर गेले होते, ते तसेच राहिले.

दुसऱ्या वेळी स्वरदा आली तेव्हा शुभदा बॉलकडे बघतच नव्हती, पोरीच्या पायांकडे बघत होती. “पल्याड!” अशी हाक आली, आणि पिचरचा हात फिरायच्या आत स्वरदा अर्धं पाऊल पुढे सरकली. पुन्हा हिट. पुन्हा एक रन.

“अहो,” शुभदा माझा दंड धरून म्हणाली, “ती ऐकतेय.”

“कोण?”

“आपली पोरगी. तिला सगळं कळतंय. प्रणिताला वाटतंय तिला कळत नाही, आणि ती सगळं ऐकतेय.”

मला इतकं हसू आलं की विचारू नका. म्हटलं, “मग झालं तर! पोरगी आईवर गेली. बस आता मजा बघत.” तिला हसू आलं नाही. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली आणि पुढच्या दोन पाळ्या तिनं तोंड उघडलं नाही. महाराष्ट्राला रन मिळाली तेव्हाही नाही. शेजारी महाराष्ट्रवाली भाभी बसली आहे आणि मैदान शांत आहे, असं मी कधी अनुभवलं नव्हतं.

शेवटची पाळी आली. महाराष्ट्र एका रननं पुढे. युपीची बॅटिंग, आणि ओळीत चौथी स्वरदा. टीम जागा बदलत होत्या, तेवढ्यात शुभदा उठली आणि प्रणिताच्या मांडवाकडे चालायला लागली. मी मागे धावलो. “शुभदा, हे बघ, असलं काही करू नकोस. स्वतःची पोरगी आहे.” ती थांबली नाही.

“प्रणिते,” शुभदा म्हणाली, “एक सांगायचंय. स्वरदाला मराठी येतं.”

प्रणिता स्कोअरबोर्डकडे बघत होती. “काय?”

“येतं. बोलत नाही, पण सगळं कळतं. पल्याड, अल्याड, सावकाश तर ती रांगत होती तेव्हापासून. तुझे दोन बॉल तिनं ऐकून मारलेत.”

प्रणिता आधी हसायला लागली, मग तिला ते दोन हिट आठवले असावेत. हसू गेलं. “आणि हे तू मला आत्ता सांगतेयस?”

“काल सांगायला हवं होतं. तू बोललीस आणि मी गप्प बसले, म्हणजे खोटंच बोलले की. माझ्या टीमशी खोटं बोलून मला तिकडे जाता येणार नाही.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“पोरीकडे,” शुभदा म्हणाली. “तुझा चार्ज तुला दिला. मला रिलीव्ह कर.”

मी सरकारी माणूस. हे वाक्य मला आतपर्यंत जाऊन लागलं. चार्ज दिल्याशिवाय माणूस रिलीव्ह होत नाही, हे मी तीस वर्षं फायलींवर लिहितो आहे. पण स्वतःच्या पोरीला जिंकता येण्यासारखी मॅच समोर असताना, आधी जुन्या ऑफिसचा हिशोब चुकता करून मग उठायचं, ही हिंमत कुठल्या फायलीत मी बघितली नाही. मला तिचा रागही आला होता, नाही असं नाही. पण त्या रागाखाली मला तिच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

ती मैदानाला वळसा घालून, जाळीच्या मागून, सगळ्यांच्या देखत युपीच्या बाजूला गेली. मीही गेलो. लोक बघायला लागले. चेतना भाभी म्हणाल्या, “अरे, महाराष्ट्रवाली भाभी! रास्ता भूल गईं?”

“नहीं,” शुभदा म्हणाली. “बेटी खेल रही है।”

चेतना भाभींनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. कुणीतरी मागून मूंगफलीचा ठोंगा पुढे केला. मला वाटलं होतं, आता टोमण्यांचा पाऊस पडेल. पण लखनौला कुठे टोमणा मारायचा आणि कुठे नाही, हे नीट कळतं.

युपीच्या दोन मुली आऊट झाल्या, मधे एक दुसऱ्या बेसपर्यंत पोचली. आता सगळं स्वरदावर होतं. ती बॅट घेऊन उभी राहिली. आपली आई उठून कुठे गेली, काय बोलली, हे तिला दिसलं होतं की नाही कोण जाणे. प्रणिताची हाक आली, “सावकाश!”

स्वरदा थांबली. बॉल सणसणत आला आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला. स्ट्राइक.

“पल्याड!” स्वरदा अर्धं पाऊल सरकली. बॉल थेट पोटाजवळून गेला. दुसरी स्ट्राइक.

स्वरदा चौकटीबाहेर आली. तिनं प्रणिताकडे बघितलं. मग तिच्या मागच्या खुर्च्यांकडे बघितलं, जिथे तिची आई असायची. तिथे कुणी नव्हतं. तिला सगळं कळलं असणार. मी एवढ्या लांबून तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, आता ही पोरगी आईशी जन्मात बोलणार नाही. शुभदाला काय वाटलं मला माहीत नाही. ती खुर्चीवर चढून उभी राहिली. या शहरात इतकी वर्षं ती ज्या आवाजात ओरडत आली, त्याच आवाजात, युपीच्या गर्दीच्या मधोमध ओरडली:

“स्वरदे! शब्द सोड! बॉल बघ!”

पिपाण्या थांबल्या. स्वरदानं मान वळवली, आवाज कुठून आला ते शोधलं, आणि आई तिला सापडली. आपल्या बाजूला, खुर्चीवर उभी, गळ्यातली ओढणी मुठीत धरून. स्वरदा एक क्षण बघत राहिली. मग वळली आणि बॅट वर घेतली.

प्रणिता काहीतरी ओरडली, पण नेमकं तेव्हा विमान आलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. बॉल आला आणि स्वरदानं मारला.

असा फटका मी त्या आधी बघितला नव्हता. बॉल उंच गेला, मधल्या फील्डरच्या डोक्यावरून, लांब. तो जमिनीवर पडला असता तर बरोबरी नक्की होती, आणि आमच्या पोरीचे पाय बघता कदाचित जिंकलोच असतो. सगळी बाजू उठून उभी राहिली. मीही ओरडत होतो, काय ते आठवत नाही. महाराष्ट्राची ती बारीक चणीची फील्डर, काल आमच्याकडे तिसरी भाकरी मागून घेणारी, पाठमोरी धावत सुटली. बॉलकडे न बघता धावली, शेवटच्या क्षणी वळली, आडवी झेपावली, मातीत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि ग्लोव्ह वर धरला. बॉल आत होता. मॅच संपली. महाराष्ट्र जिंकलं.

युपीची बाजू एकदम मूक झाली. त्या शांततेत माझ्या शेजारी टाळ्या ऐकू आल्या. शुभदा. खुर्चीवरच उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात थांबत नाहीत. “काय कॅच घेतला! काय कॅच घेतला गं पोरी!” मी तिचा कुर्ता ओढला. म्हटलं, आता तरी बाजू सांभाळ, बाई, लोक बघतायत.

मग मला दिसलं, की मैदानात आणखी कुणीतरी टाळ्या वाजवतंय. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे, धावता धावता जिथे थांबली तिथेच, हेल्मेट काखेत धरून आमची पोरगी त्या फील्डरकडे बघत टाळ्या वाजवत होती. युपीच्या सगळ्या माणसांत त्या दोघीच. मला दोघींचा इतका अभिमान वाटला, की मीही तिसरा झालो.

हस्तांदोलनं झाली. स्वरदा दोरीपाशी आली. गालाला माती लागलेली, डोळे लाल. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

“आपने उनको बता दिया।”

“हो. सांगितलं.”

“क्यों, मम्मा? हम जीत सकते थे।”

शुभदा खेळाच्या नियमांबद्दल काहीतरी सांगेल, इमानदारीबद्दल सांगेल असं मला वाटलं. तिनं जे होतं तेच सांगितलं.

“प्रणिता काल म्हणाली, तुला मराठी येत नाही. सगळ्यांसमोर म्हणाली. अठरा वर्षं मी तुझ्याशी बोलतेय, स्वरदा. ते सगळं फुकट गेलं असं तिला वाटत होतं. मला ते सहन झालं नाही. तिला सांगितल्याशिवाय मला राहवलंच नाही.”

स्वरदा आईकडे बघत राहिली. राग होता, अजून होता. हरल्याचं दुःखही होतं. पण ओठांचा एक कोपरा हलायला लागला होता.

“फुकट?” ती म्हणाली. तेवढा एक शब्द आईचाच घेऊन. “मम्मा, दो हिट तो उसी पे मारे हैं मैंने।”